म्हाताऱ्या माणसांनी तिसरी सुई का घेतली?

लसीकरणाचा विषय आता संपला, असे पुष्कळांना वाटते. कोविडची साथ ओसरली, तोंडावरची पट्टी उतरली आणि लस घेतल्याचे प्रमाणपत्र मोबाईलच्या तळाशी कुठेतरी पडून राहिले. मग आता बूस्टरची चर्चा कशाला, असे वाचक विचारतील. आमचे म्हणणे उलट आहे. साथ दाराशी उभी असताना माणूस घाबरून निर्णय घेतो. ती निघून गेल्यावरच त्या निर्णयाचा हिशेब शांत डोक्याने मांडता येतो. हा हिशेब आमच्या समाजाने मांडणे अत्यंत गरजेचे आहे. कारण पुढची साथ जेव्हा येईल, तेव्हा तिचा पहिला मार बिडी वळणाऱ्या, धानाच्या बांधीत राबणाऱ्या आणि औषधाच्या गोळीवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवरच बसेल.

म्हणूनच आम्ही काही मित्र भंडारा जिल्ह्यातील साकोली, सेंदूरवाफा आणि आसपासच्या वस्त्यांत फिरलो. विहाराच्या ओट्यावर, कडुनिंबाखाली, कधी औषधाच्या दुकानासमोर साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांशी बोललो. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, कोणाला दमा. आमच्याजवळ छापील प्रश्नपत्रिका नव्हती आणि आम्ही संशोधक असल्याचा आव आणत नाही. प्रश्न एकच होता. पहिल्या दोन सुया बहुतेकांनी घेतल्या. तिसरी काहींनी घेतली आणि अनेकांनी घेतली नाही. असे का झाले?

या प्रश्नाचे शहरी सुशिक्षितांकडे एक तयार उत्तर असते. ‘अडाणी लोक आहेत, अंधश्रद्धाळू आहेत, त्यांना समजत नाही!’ साकोलीत आम्ही जे ऐकले, ते या उत्तराला खोटे पाडणारे आहे.

तारखांचा घोळ

आधी वस्तुस्थिती पाहू. देशात कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. १ मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयाच्या आजारी व्यक्तींना लस खुली झाली. या दुसऱ्या गटासाठी केंद्राने २० आजारांची यादी केली होती. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांच्याबरोबर आमच्या पूर्व विदर्भाला चांगलाच ठाऊक असलेला सिकलसेल त्या यादीत होता. तिसऱ्या डोसची घोषणा २५ डिसेंबर २०२१ च्या रात्री झाली आणि १० जानेवारी २०२२ पासून तो देणे सुरू झाले; तोही आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीवरील दीर्घ आजारी यांनाच. १६ मार्च २०२२ रोजी आजाराची अट गेली आणि साठीवरील सगळ्यांना तो मिळू लागला.

सरकारने त्याला बूस्टर म्हटले नाही. ‘प्रिकॉशन डोस’ म्हटले. वर्तमानपत्रांनी ‘वर्धक मात्रा’ लिहिले. टीव्हीवाले बूस्टरच म्हणत राहिले. साकोलीच्या आजीसाठी मात्र ती तिसरी सुई होती. एकाच वस्तूला तीन नावे देणारे राज्यकर्ते म्हाताऱ्या माणसाला म्हणतात, तुम्हाला समजत नाही!

दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसात नऊ महिन्यांचे अंतर हवे होते. आता हिशेब करा. ज्याने एप्रिल २०२१ मध्ये पहिला आणि जुलैमध्ये दुसरा डोस घेतला, त्याचा नंबर एप्रिल २०२२ मध्ये लागणार. पण ओमायक्रॉनची तिसरी लाट तर जानेवारी २०२२ मध्येच येऊन गेली. म्हणजे भीती होती तेव्हा पात्रता नव्हती आणि पात्रता आली तेव्हा भीती उरली नव्हती. ६ जुलै २०२२ रोजी हे अंतर सहा महिन्यांवर आणले गेले. जुलै म्हणजे भंडाऱ्यात काय चालू असते, हे दिल्लीला कोण सांगणार? रोवणी! घरातले सगळे हात चिखलात, म्हातारी माणसे नातवंडे सांभाळत घरी. त्यांना केंद्रावर नेणार कोण? आणि जी म्हातारी स्वतःच रोवणीला जाते, तिने सुईनंतरच्या एका दिवसाच्या तापासाठी मजुरी कोणाच्या भरवशावर सोडावी?

यात आणखी एका गोष्टीची भर पडली. ऑगस्ट २०२१ मध्ये भंडारा जिल्हा कोविडमुक्त झाल्याची बातमी राज्यभर गाजली. जिल्ह्याने त्यासाठी खरोखर कष्ट घेतले होते. पण ‘मुक्त’ हा शब्द मोठा फसवा असतो. रोग गेला असे जाहीर झाल्यावर पाच महिन्यांनी त्याच रोगाची तिसरी सुई घ्या म्हटले, तर माणूस विचारणारच, रोग गेला ना?

देशाचे अंतिम आकडे पाहिले तर हेच दिसते. एकूण डोस २२० कोटींवर गेले. दोन डोस घेतलेले ९५ कोटी आणि तिसरा घेतलेले २२ कोटींच्या थोडे वर. सर्व वयोगट धरून, दोन घेणाऱ्या चारांपैकी साधारण एकानेच तिसरा घेतला.

ज्यांनी घेतली, त्यांनी का घेतली?

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्यांनी घेतली त्यांची कारणे ऐकताना आम्हाला चार गोष्टी पुन्हा पुन्हा सापडल्या.

पहिली गोष्ट, एप्रिल २०२१ ची आठवण. त्या महिन्यात नागपुरात खाट मिळत नव्हती, प्राणवायूसाठी नातेवाईक दारोदार हिंडत होते. साकोलीपासून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर. दम्याचा त्रास असलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ आम्हाला भेटले. आपल्या लहान भावाला घेऊन ते त्या महामार्गाने रात्रभर हिंडले होते. भाऊ परत आला नाही. ते एवढेच म्हणाले, “तो रस्ता मी पाह्यला. मले कोनी समजवाची गरज नाई.” या माणसाला कोणत्या पोस्टरने पटवले असते? त्यांनी तिसरी सुई पहिल्याच संधीला घेतली.

दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे. आम्हाला वाटले होते की म्हातारी माणसे मरणाच्या भीतीने लस घेत असतील. तसे सांगणारे फार थोडे भेटले. बहुतेकांची भीती मरणाची नव्हती, ओझे होण्याची होती. दवाखान्यात पडलो तर पोराची मजुरी बुडेल, बांधी गहाण पडेल, सुनेला रात्री जागाव्या लागतील. एक आजी म्हणाल्या, “मराचं त आहेच. पन पोराले कर्जात टाकून काहाले मरू?” या एका वाक्यात आमच्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेचा सगळा ताळेबंद आहे. ज्या देशात आजारपण म्हणजे कर्ज, तिथे लस हा आरोग्याचा प्रश्न राहत नाही. तो घरच्या अर्थकारणाचा प्रश्न होतो.

तिसरी गोष्ट, जुन्या आजाराचीच शिकवण. याचे आम्हाला प्रथम आश्चर्य वाटले, पण विचार केल्यावर ते स्वाभाविक वाटले. चौदा वर्षांपासून मधुमेहाची गोळी घेणाऱ्या, आयुष्यभर बिड्या वळलेल्या ७१ वर्षांच्या एका बाईंनी आम्हालाच उलट प्रश्न केला. “रोज एक गोळी खातो, त वर्षाची एक सुई काहाले नाई?” दीर्घ आजारी माणसाला हे ठाऊक असते की एकदा औषध घेतले आणि काम संपले, असे होत नाही. शरीराची राखण पुन्हा पुन्हा करावी लागते. शिवाय महिन्याच्या गोळ्या आणायला तो दवाखान्यात जातो, नर्सबाईंना तोंडओळखीने जाणतो. ज्याचा आरोग्यव्यवस्थेशी नियमित संबंध आहे, त्याच्यासाठी तिसरी सुई हे नवे संकट नव्हते. ठणठणीत असलेल्या शेजाऱ्याला ती अनावश्यक वाटली. आजारी माणसाला ती गोळीचीच बहीण वाटली.

चौथी गोष्ट, ओळखीचा माणूस. मंत्र्याचे भाषण, नटाची जाहिरात, मोबाईलची रिंगटोन यांपैकी कशाचाही उल्लेख कोणी केला नाही. उल्लेख झाला तो आशाताईंचा, गोळी देणाऱ्या डॉक्टरांचा, स्वतःच्या लेकीचा आणि आधी सुई घेऊन दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसलेल्या शेजाऱ्याचा. २००५ पासून गावोगाव काम करणाऱ्या या आशाताईंना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरविले. त्याच आशाताईंना जून २०२१ मध्ये, दुसरी लाट नुकती ओसरत असताना, मोबदल्यासाठी महाराष्ट्रभर संप करावा लागला होता. ज्या बाईच्या शब्दावर गाव हात पुढे करतो, तिच्या हातावर शासन काय ठेवते, हा प्रश्न लसीकरणाच्या यशापेक्षा वेगळा नाही.

आमच्या घरातला दोष

दुसऱ्यांची कहाणी सांगताना स्वतःची लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमची आत्या साकोलीतच राहते. वय तेव्हा ७३, मधुमेह जुना. तिने पहिले दोन डोस मार्च २०२१ मध्येच, अगदी सुरुवातीला घेतले. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ती तिसऱ्यासाठी पात्र ठरली. थंडीत सकाळी सकाळी स्वतः चालत एका केंद्रावर गेली. तिथे तिला सांगण्यात आले, डॉक्टरची चिठ्ठी आणा. वास्तविक साठीवरच्या व्यक्तीला आजाराचे प्रमाणपत्र दाखवण्याची गरज नाही, असे केंद्र सरकारने आधीच स्पष्ट केले होते. तिला हे ठाऊक नव्हते. सांगणाऱ्यालाही ठाऊक नसावे. चिठ्ठी मिळवून ती पुन्हा गेली, तेव्हा त्या दिवशीच्या लसी संपल्या होत्या. तिसऱ्यांदा ती गेली नाही.

आम्ही फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, “जाऊ दे ना बापू.” आणि आम्ही जाऊ दिले! वर्तमानपत्रात समाजाला जागे करणारे लेख लिहिणारे आम्ही, नागपूरहून साकोलीला एक चक्कर मारून आत्याला केंद्रावर नेऊ शकलो नाही. पुढे जून २०२२ मध्ये ‘हर घर दस्तक’च्या दुसऱ्या फेरीत आशाताई दारात आल्या. त्यांनी भीती घातली नाही आणि विज्ञानावर भाषणही दिले नाही. आपण स्वतः घेतली, आपल्या सासूनेही घेतली, उद्या ताप आला का पाहायला येईन, इतकेच सांगितले. आत्याने सुई घेतली. आशाताई दुसऱ्या दिवशी खरोखरच आल्या. आत्याला सुईपेक्षा त्यांचे ते येणे अधिक लक्षात आहे.

सरकारी नोंदीत जानेवारी ते जून आत्या ‘लस न घेतलेली’ होती. तिने नकार दिला नव्हता. दोनदा दार ठोठावून परत फिरलेल्या माणसाला नकार देणारा म्हणायचे का? आम्ही भेटलो त्यांपैकी तिसरी न घेतलेल्या अनेकांची गोष्ट अशीच निघाली. एका बाईंनी तर एका वाक्यात विषय संपवला. “मी घेतली असती, पन कोनी इचारलंच नाई.”

अफवा आणि सत्य

ज्यांनी खरोखर नकार दिला तेही भेटले. साखर असलेल्याने सुई घेऊ नये, बीपी वाढते, हृदय बंद पडते, असे त्यांनी ऐकले होते. आणि हे सांगणारे बहुधा घरातलेच, मोबाईलवर व्हिडिओ पाहणारे शिकलेले पोरगे होते. अडाणीपणाचा ठेका म्हाताऱ्यांनी घेतलेला नाही, हे यावरून दिसते.

यात सत्य काय? मधुमेहात रक्तातली साखर चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. संसर्ग झाला की साखर आणखी चढते. असे दुष्टचक्र सुरू होते. वय वाढले की शरीराची जंतूंना ओळखण्याची ताकदही उतरते आणि आधीच्या लसीचा परिणाम लवकर ओसरतो. पुढचा डोस शरीराला जुनी ओळख पुन्हा करून देतो. धान करणाऱ्या माणसाला हे समजावण्यासाठी इंग्रजी शब्द लागत नाहीत. रोवणीचा पाऊस झाला म्हणून निसव्याचे पाणी नको, असे कोणी म्हणत नाही. धान गर्भात असताना पाणी हुकले की लोंब पोचट निघते. म्हणून ज्याला साखर आहे त्याने लस टाळायची नसते. त्यालाच तिची गरज अधिक असते.

दुष्परिणाम नाहीतच, असे आम्ही म्हणणार नाही. ताप, अंगदुखी, हात दुखणे हे अनेकांना झाले. कोविशिल्ड ज्या अ‍ॅस्ट्राझेनेका लसीची भारतीय आवृत्ती, तिच्यामुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गाठी होऊ शकतात, हे कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये आली. ती खरी आहे. पण असे प्रकार बहुतांशी पहिल्या डोसनंतरच्या काही आठवड्यांत आढळले. वर्षादोन वर्षांनी एखाद्याचे हृदय बंद पडले, त्याचा संबंध याच्याशी जोडता येत नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंविषयी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लसीमुळे असा धोका वाढल्याचे दिसले नाही. उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी आढळला. हे दोन्ही सत्य म्हाताऱ्या माणसाला सांगता येते. त्यातले अर्धेच सांगितले की उरलेले अर्धे अफवा होऊन परत येते.

विश्वासाचा प्रश्न भंडाऱ्यात जरा अधिकच नाजूक होता, हेही विसरू नये. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा कोवळे जीव गेले. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी देशात लसीकरण सुरू झाले. त्या आठवड्यात भंडाऱ्याची आई सरकारी दवाखान्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल? तरीही लोक आले, रांगेत उभे राहिले. हा विश्वास लोकांनी व्यवस्थेला दिलेले उधार होते. ते फेडण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे.

दंडावरची जुनी खूण

गंमत अशी, की साठीवरच्या कोणत्याही माणसाची बाही वर करा, दंडावर देवीच्या टोचणीची खूण सापडेल. याच पिढीने हात पुढे केले म्हणून १९७५ नंतर या देशात देवीचा रोगी दिसला नाही. धनुर्वाताची सुईही तशीच. शेतात विळा लागला, खिळा रुतला की साकोलीचा शेतकरी न सांगता दवाखाना गाठतो. ती सुई पुन्हा पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे ती बूस्टरच! तिला मात्र कोणी नाही म्हणत नाही. कारण तिचे नाव साधे आहे, ती जवळ मिळते आणि ती का घ्यायची हे बापजाद्यांपासून ठाऊक आहे. या तीन गोष्टी असल्या की ‘प्रबोधन’ वेगळे करावे लागत नाही.

इतिहासही हेच सांगतो. १८९७ साली मुंबई-पुण्यात प्लेग होता. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. बरोबर १२५ वर्षांनी, १० जानेवारी २०२२ रोजी, आमच्या म्हाताऱ्यांची तिसरी सुई सुरू झाली. त्याच १८९७ मध्ये पुण्यात सरकारने घरांत सैनिक घुसवून तपासणी केली. त्यातून रोगापेक्षा सरकारचाच द्वेष वाढला. आणि त्याच पुण्यात सावित्रीमाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगने आजारी पोराला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्लेगने निधन झाले. एकीकडे बंदूक, दुसरीकडे पाठीवर घेतलेले पोर. लोकांनी विश्वास कोणावर ठेवला असेल, हे सांगायला हवे काय?

दीर्घ आजार म्हणजे काय, हे आमच्या समाजाला परके नाही. बाबासाहेबांना मधुमेहाने वर्षानुवर्षे छळले. तशाच प्रकृतीत त्यांनी १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. तीत त्यांचा पराभव झाला. पुढे त्या वर्षी ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते. तरी दोन वर्षांनी त्यांनी नागपूरला धम्मदीक्षेचा इतिहास घडवला. ‘जयभीम’ हा अभिवादनाचा शब्द रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास बिडी मजुरांना संघटित करता करता १९३९ साली, ऐन पस्तिशीत क्षयाने गेले. आजारी शरीर समाजाचे किती नुकसान करते, हे आम्ही या दोन नावांवरून शिकायला हवे होते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची साखर तपासणे, गोळी चुकू न देणे, सुईला नेणे हे आम्ही चळवळीचे काम मानत नाही. ते मानले पाहिजे.

आता काय मागायचे?

कोविडचा तिसरा डोस आता मोहिमेच्या स्वरूपात दिला जात नाही. पण दीर्घ आजारी ज्येष्ठांच्या लसीचा प्रश्न तिथे संपत नाही. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण तो विषाणू रूप बदलतो. न्यूमोनियाची लस मधुमेह, दमा आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी विशेष महत्त्वाची. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होते आणि न्यूमोनियाचे जंतू रोखणारा पहारेकरीच नाहीसा होतो. २०२१ पासून बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात न्यूमोनियाची लस देशभर मोफत आहे. म्हणजे नातवाला ती फुकट आणि आजोबाला मात्र खाजगी दवाखान्यात हजारो रुपये मोजून! बिडी वळणाऱ्या आजीने ते कुठून आणायचे?

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर माता, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांना स्वाइन फ्लूची लस मोफत देण्याचे पाऊल उचलले होते. ते स्तुत्य होते. पण साकोलीत आम्ही ज्यांना विचारले, त्यांपैकी एकालाही असे काही होते हे ठाऊक नव्हते. २०२४ मध्ये निवडक जिल्ह्यांत प्रौढांना क्षयरोधक बीसीजी लस संमतीने देण्याची मोहीम निघाली. त्यात साठीवरचे, मधुमेही, धूम्रपान करणारे, कुपोषित, पूर्वी क्षय झालेले आणि क्षयरुग्णाच्या घरातले अशी माणसे होती. ही यादी वाचली की आमच्याच वस्तीची मतदारयादी वाचल्यासारखे वाटते. तेव्हा प्रत्येकाला विचारून, समजावून, नंतर त्याची विचारपूस करूनच हे काम झाले पाहिजे. गरीब माणूस आकडा पुरा करण्यासाठी नसतो.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. दर महिन्याला मधुमेह-रक्तदाबाची गोळी जिथे मिळते, तिथेच, त्याच दिवशी, त्याच खिडकीवर ज्येष्ठांची लसही मिळाली पाहिजे. फ्लू आणि न्यूमोनियाची लस दीर्घ आजारी ज्येष्ठांना मोफत असली पाहिजे आणि तसे केंद्राच्या भिंतीवर मराठीत लिहिलेले असले पाहिजे. मोहिमेचे वेळापत्रक करताना रोवणी आणि कापणीचे दिवस टाळले पाहिजेत. परत पाठवलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याची नोंद झाली पाहिजे आणि त्याच्या घरी आपणहून जाण्याची जबाबदारी केंद्राची असली पाहिजे. आणि आशाताईंना सन्मानाचे वेतन मिळाले पाहिजे.

पण सगळे शासनावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. तथागतांनी कालामांना सांगितले, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा. मग मोबाईलवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलताना आम्ही हा उपदेश कुठे ठेवतो? प्रत्येक विहारात पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास रक्तदाब आणि साखर तपासली, कोणाची कोणती लस राहिली याची वही ठेवली, वस्तीतल्या दोन तरुणांनी दुचाकीवर म्हाताऱ्यांना केंद्रावर नेण्याआणण्याचे काम घेतले, तर कोणत्या अनुदानाची वाट पाहावी लागेल?

साकोलीच्या त्या बाईंचे वाक्य आम्ही सोबत घेऊन आलो आहोत. “कोनी इचारलंच नाई.” त्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता, म्हणून ते अधिक बोचते. बांधवांनो, आज घरी गेल्यावर आपल्या माय-बापाला, आत्याला, शेजारच्या एकट्या आजीला एवढेच विचारा, तुमची सुई राहिली का? आणि उत्तर ‘जाऊ दे ना बापू’ असे आले, तर आमच्यासारखे जाऊ देऊ नका.